सीताफळाचा बाजार

आश्विन लागला की नांदुऱ्याच्या आठवडी बाजारात दोन फळे शेजारी शेजारी येऊन बसतात. एक सफरचंद आणि दुसरे सीताफळ. सफरचंद खोक्यातून येते. खोक्यात कागदाचे कातरण असते, फळावर चिकटवलेली चिठ्ठी असते, आणि हातगाडीवर त्याचा मनोरा रचला जातो. सीताफळ टोपल्यातून येते. त्याच्या खाली-वर त्याचाच पाला असतो, आणि मनोऱ्याच्या नशिबाऐवजी त्याच्या वाट्याला जमिनीवर अंथरलेले पोते येते. सफरचंद हिमाचलातून किंवा काश्मिरातून दीड-दोन हजार किलोमीटरांचा प्रवास करून आलेले असते, तर सीताफळ वीस-तीस किलोमीटरांवरच्या घाटातून. गिऱ्हाईक सफरचंदाला पाहुणा मानते आणि सीताफळाला घरचे. म्हणून पाहुण्याचा भाव मुकाट्याने देते आणि घरच्याशी घासाघीस करते.

गंमत अशी की, कुळी काढायला बसले तर ही दोन्ही फळे आपल्याकडे अमेरिकेच्याच वाटेने आली. हिमाचलातल्या सफरचंदाची जन्मकथा तारीखवार सांगता येते. सॅम्युएल स्टोक्स नावाचे अमेरिकन गृहस्थ सिमल्याच्या पुढे कोटगडला येऊन राहिले. त्यांनी १९१६ साली अमेरिकेतून 'रेड डिलिशस' जातीची कलमे आणून तिथे लावली. पुढे ते स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले, १९२१ साली तुरुंगात गेले, नंतर हिंदू झाले आणि सत्यानंद म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांच्या त्या कलमांवर आज एका अख्ख्या प्रांताचा संसार उभा आहे. सफरचंद हे फळ मुळात मध्य आशियातले, हे खरे. पण आज जे लालबुंद, गोड सफरचंद आपल्या बाजारात दिसते त्याचा वंश अमेरिकेहून आला.

सीताफळाची जन्मकथा मात्र अशी कोणी लिहून ठेवलेली नाही. त्याला आपण थेट सीतामाईचे नाव दिले आणि मोकळे झालो. वनवासात राम-सीता हीच फळे खात, असे आजीने सांगितले की नातवाने पुढे विचारायचे नसते. रामफळ रामनवमीच्या सुमारास पिकते, सीताफळ दसऱ्याच्या सुमारास. मग लक्ष्मणफळ आले, हनुमानफळही आले. नांदुऱ्याचा तर विचारच नको. गावाला लागून हमरस्त्यावर १०५ फुटी हनुमान उभा असताना इथले सीताफळ परदेशी आहे असे म्हणण्याची छाती कोणाची?

तरीही ते म्हणावे लागते. वनस्पतिशास्त्रज्ञ सीताफळाच्या साऱ्या कुळाचे घर उष्ण कटिबंधातील अमेरिका आणि वेस्ट इंडीजची बेटे असे सांगतात. तिथे त्याच्या भाऊबंदांच्या पुष्कळ रानटी जाती आहेत. आपल्याकडे ज्या आहेत त्या लावलेल्या किंवा लावलेल्यांतून रानात पळालेल्या. कोलंबस १४९२ साली तिकडे पोहोचला, पोर्तुगीजांनी १५१० साली गोवे घेतले, आणि त्यानंतर जहाजांमागून जहाजे आली. त्यांतून मिरची आली, तंबाखू आला, बटाटा आला, काजू आला, अननस आला, पपई आली. जांबाला तर आपण 'पेरू' म्हणू लागलो. एका देशाचेच नाव आपण फळाला देऊन टाकले, आणि आता पेरू हा देश आहे हे शाळेत शिकवावे लागते. सीताफळाचेही तसेच. बंगालीत त्याला 'आता' म्हणतात, मल्याळीत 'आत', आणि पार फिलिपाईन बेटांत 'आतिस'. ही नावे एकमेकांची सख्खी भावंडे दिसतात, आणि तिचे माहेर मेक्सिकोच्या जुन्या भाषेत आहे असे जाणकार मानतात. म्हणजे समुद्रकाठच्या लोकांनी फळाबरोबर नावही घेतले. आपण डोंगरावरच्या लोकांनी फळ घेतले आणि नाव बदलले.

या प्रश्नावर गेल्या दीडशे वर्षांत विद्वानांत मोठी मौज झाली आहे. अबुल फजलच्या 'ऐन-ए-अकबरी'चे ब्लॉखमन यांनी इंग्रजी भाषांतर केले, त्यात हिंदुस्थानच्या गोड फळांच्या यादीत सीताफळ आहे. झाले! अकबराच्या काळी हे फळ इतके प्रसिद्ध होते असे लोक म्हणू लागले. पण यूल आणि बर्नेल या दोघा इंग्रजांनी १८८६ साली आपला प्रसिद्ध शब्दकोश काढला, तेव्हा त्यांनी मूळ फारसी उघडून पाहिले. तिथे शब्द होता 'सदाफळ'. सदाफळ म्हणजे बारमाही फळणारे झाड. ते बेलसुद्धा असू शकते. आणि नावाचा गोंधळ हा असा की, दिल्लीकडे आजही भाजीवाल्याला 'सीताफल' मागितले तर तो लाल भोपळ्याची फोड कापून देतो!

दुसऱ्या बाजूला पुराणवस्तुवाले होते. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी भारहूतचा स्तूप उकरला आणि त्यावरचा ग्रंथ १८७९ साली प्रसिद्ध केला. तिथल्या दगडी वेलबुट्टीत त्यांना हुबेहूब सीताफळ दिसले. मथुरेच्या शिल्पांतही दिसले. आपल्या अजिंठ्याच्या भिंतींवरही काहींना ते दिसले. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचे सीताफळ! यावर शंकेखोरांनी म्हटले की खवल्याखवल्यांचे कुठलेही फळ दगडात कोरले की ते असेच दिसणार. फणस दिसेल, कमळाचा डोडाही दिसेल. वाद तिथेच थांबला असे वाटत होते. पण २००९ साली अनिल पोखरिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर प्रदेशात मिर्झापुराकडील टोकवा येथील उत्खननात मिळालेल्या जळक्या बियांविषयी लेख लिहिला. त्यांच्या मते त्या बिया सीताफळाच्या आहेत आणि इसवी सनापूर्वीच्या आहेत. हे सर्वांनी मान्य केले आहे असे नाही. दोन-चार बियांवर महासागर ओलांडायचा म्हणजे धाडसच. माझे स्वतःचे मत विचाराल तर मी पोर्तुगीजांच्या बाजूचा आहे. सीतेचे नाव हा पुरावा नव्हे. ते प्रेमाचे लक्षण आहे. परक्या फळाला चारशे वर्षांत इतके आपले करून घेणारे लोक या डोंगरांत राहत होते, एवढे मात्र त्यावरून निश्चित ठरते.

आता हे परके झाड रानात इतके माजले कसे? याचे उत्तर कुठल्याही गुराख्याकडे मिळेल. शेळी सीताफळाला तोंड लावत नाही. आपल्या डोंगरात जे शेळीच्या तोंडून वाचेल ते झाड टिकेल, असा कायदाच आहे. सीताफळाच्या पाल्याला उग्र वास आहे, आणि बी तर विषारीच. पूर्वी बायका बियांची पूड करून डोक्यातल्या उवांवर लावीत. ती डोळ्यांत गेली तर डोळे जायचे भय, म्हणून हा उपाय घरात जपून करीत, आणि आता तो करूच नये हे बरे. तर अशा रीतीने पाला शेळीने सोडला, बी माणसाने थुंकून टाकले, पाखरांनी आणि वानरांनी उरलेले काम केले. मुरूम, खडक, पडक्या भिंती, जिथे दुसरे काही उगवत नाही तिथे हे उगवते. दौलताबादच्या किल्ल्याभोवती पाहा, दख्खनमधल्या कुठल्याही पडक्या गढीजवळ पाहा. जिथे माणसांची वस्ती उठली तिथे सीताफळाची बसली. एखाद्या ओसाड टेकाडावर सीताफळाची दाटी दिसली तर तिथे कधीकाळी घरे होती का, हे गावच्या म्हाताऱ्याला जरूर विचारावे.

नांदुऱ्याची गोष्ट समजायची तर थोडा भूगोल पाहिला पाहिजे. बुलढाणा जिल्ह्याचे दोन मजले आहेत. खालचा मजला पयनघाट: मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव-जामोद. हा पूर्णेच्या खोऱ्यातला काळ्या मातीचा, कापसाचा मुलूख. वरचा मजला बालाघाट: बुलढाणा, चिखली, मेहकर. मधला जिना म्हणजे अजिंठ्याच्या रांगेचा उतार. मोगलांच्या दप्तरातही वऱ्हाडची हीच दोन नावे आहेत. बुलढाण्याहून मलकापूरकडे उतरताना राजूरचा घाट लागतो, खामगावकडे उतरताना बोथ्याचा. या जिन्याच्या पायऱ्यांवर सीताफळाचे रान आहे. आणि याच डोंगरांतून ज्ञानगंगा निघते, ती खाली नांदुऱ्याला येते आणि पुढे पूर्णेला मिळते. तिच्या नावाचे अभयारण्य वर घाटात आहे. म्हणजे नदी ज्या वाटेने खाली येते, साधारण त्याच दिशेने सीताफळ येते. नदी आटते तेव्हा तेही संपते.

पण नांदुरा बाजाराचे गाव म्हणून मोठे झाले ते सीताफळावर नव्हे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस बंद पडला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडकडे वळले. त्याच सुमारास जी. आय. पी. रेल्वेचा रस्ता भुसावळहून पूर्वेकडे येत होता. १८६७ साली तो नागपूरला पोहोचला. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही त्या रुळांवरची गावे झाली. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत फाटा निघाला, आणि तो उघडायला खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो आले. आठ मैलांच्या रेल्वेसाठी व्हाइसरॉय येतो, यावरून कापसाचे वजन लक्षात यावे.

कापसाला मग कायदाही मिळाला. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला होता, म्हणून त्याचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाच्या हुकुमाने चाले. अशा हुकुमाने १८८६ साली कारंजा येथे कापसाचा बाजार नियमांखाली आणला गेला. हिंदुस्थानातला हा पहिला नियंत्रित बाजार समजतात. १८९७ साली सबंध वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. आज देशभर ज्या बाजार समित्या आहेत त्यांची पणजी ही वऱ्हाडात जन्मली, हे आपण वऱ्हाडी लोकांनीच विसरून चालणार नाही. त्याआधी काय होते? शेतकरी गाडी घेऊन येई. अडत्या आणि दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. यालाच हत्ता म्हणत. ज्याचा माल, त्यालाच भाव कळत नसे. मग मापात कडता, मग धर्मादाय, मग हमाली. कायद्याने निदान काटा तपासला जाऊ लागला, भाव उघड बोलला जाऊ लागला, दलालाला परवाना लागला. समितीत व्यापाऱ्यांचीच चलती राहिली, हा दोष लोकांनी तेव्हापासून दाखवला आहे, आणि १९२८ च्या शाही शेतकी कमिशनपुढेही वऱ्हाडच्या पद्धतीचा असा ऊहापोह झाला. तरी काटा आला हे मोठेच.

हा काटा कोणाला मिळाला ते पाहण्यासारखे आहे. जो माल आगगाडीत बसून बंदरावर जात होता त्याला मिळाला. जो माल बाईच्या डोक्यावर बसून घाटाखाली येत होता त्याला काटाही मिळाला नाही आणि दप्तरही नाही. कापसाच्या किती गाठी कोणत्या स्टेशनातून गेल्या हे सरकारी अहवालांत सापडते. सीताफळाच्या किती टोपल्या उतरल्या हे कुठेच सापडत नाही. इंग्रज ग्रंथकारांनी त्याची आठवण काढली ती वेगळ्या निमित्ताने. दख्खनच्या काही भागांत दुष्काळात डोंगरातल्या सीताफळांवर माणसांनी जीव धरला, अशी टिपणे एकोणिसाव्या शतकातील पुस्तकांत आहेत. आपल्याकडे १८९९-१९०० चा दुष्काळ छप्पन्नाचा म्हणून प्रसिद्ध आहे. त्याची झळ वऱ्हाडाला फार लागली. इतिहासात नाव यायला सीताफळाला दुष्काळाची वाट पाहावी लागली. एरवी ते बाजारात होते, पण हिशेबात नव्हते.

या बाजारात एका शरदात मी हिंडलो. भाजीची ओळ संपते आणि मिरचीचा ठसका सुरू होतो त्या बाजूला घाटातल्या बाया ओळीने बसल्या होत्या. पहाटे निघालेल्या, कोणी एस. टी.ने, कोणी काळीपिवळीच्या टपावर टोपली टाकून. सावली नव्हतीच. टोपलीवरचा पाला उन्हाने मरगळला की त्या पाणी शिंपडत. एका म्हातारीपुढे मी बसलो आणि सवयीने फळ दाबून पाहू लागलो.

"दाबू नका ना बापू, फय पिचकते," ती म्हणाली. "कवा खाचं हाय? आज, का उद्या?"

"उद्या," मी म्हणालो.

"मंग हे घ्या. याचे डोये आत्ता उघडले हायेत. उद्या पिकतीन. अन् हे घरी ठिवा, परवाच्याले. तांदयात ठिवजा, नाही तं गव्हात."

तिने माझ्यासाठी आठ फळे काढली, चार उद्याची आणि चार परवाची. एकाच टोपलीतून, नुसत्या नजरेने. शेजारच्या हातगाडीवरच्या सफरचंदाला आज आणि उद्या हा भेद नसतो. ते कित्येक महिने शीतगृहात झोपून आलेले असू शकते. म्हातारीच्या ओळीत शेवटी एक तरुण बाई बसली होती. तिची फळे कोवळी, हिरवीगार, डोळे मिटलेली. मी विचारले, "माय, हे काऊन इतके कच्चे?" ती जरा रागानेच म्हणाली, "मी नाही तोडले तं दुसरं तोडते. थे काय कोनाच्या बापाचं वावर हाय?"

या एका वाक्यात सीताफळाचे सारे अर्थशास्त्र आहे असे मला वाटते. ते जरा उलगडून सांगतो.

सीताफळ हे खरे एक फळ नव्हे, अनेक फळांची मोट आहे. फुलात पुष्कळ बीजकोश असतात. एकेका कोशाचा एकेक डोळा होतो आणि त्यात एकेक बी बसते. परागीकरण लहान भुंगे करतात. फूल आधी मादी असते आणि नंतर नर होते, त्यामुळे काम पुष्कळदा अर्धवट राहते; वाकडेतिकडे, एका बाजूने दबलेले सीताफळ दिसते ते यामुळे. फूल धरल्यापासून सुमारे साडेतीन-चार महिन्यांत फळ भरते. भरले की डोळ्यांमधल्या चिरा रुंदावतात आणि त्यांत पिवळसर-पांढरी झाक येते. यालाच डोळे उघडणे म्हणतात. डोळे उघडल्यावर तोडलेले फळ अढीत तीन-चार दिवसांत मऊ होते, गोड होते. डोळे उघडण्यापूर्वी तोडले तर ते कितीही दिवस ठेवा, काळे पडेल, सुरकुतेल, पण गोड होणार नाही. आणि उशिरा तोडले तर झाडावरच फुटते, वानर खाते. म्हणजे योग्य वेळ ही मोजून पाच-सहा दिवसांची. त्यावर आणखी गोम अशी की त्याला थंडी सोसत नाही. शीतगृहात घातले की साल काळी पडते. सफरचंदाला जे गादीसारखे, ते सीताफळाला बाधते.

आता ज्याचे झाड बांधावर आहे तो वाट पाहू शकतो. रानातल्या झाडाला मालक नाही, आणि ज्याला मालक नाही त्याला वाट पाहणारा नाही. आज डोळे मिटलेले आहेत म्हणून मी सोडून दिले तर संध्याकाळी दुसरी बाई ते तोडून नेईल. तिचीही काही चूक नाही. तिच्यामागे तिसरी आहे. मग सगळ्याच कच्चे तोडतात, बाजारात कच्चे फळ येते, गिऱ्हाईक एकदा फसते आणि दुसऱ्यांदा अर्धा भाव सांगते. म्हातारीसारख्या नजर असलेल्या बाईलाही मग तोच अर्धा भाव मिळतो. कापसात भेसळ करणाऱ्याला बाजार समिती दंड करी. सीताफळाच्या बाजारात कच्च्याला दंड नाही आणि पक्क्याला बक्षीस नाही.

रानाला मालक अगदीच नव्हता असे नाही. इंग्रजी अमदानीत डोंगर राखीव जंगल झाले, आणि मालक म्हणून सरकार बसले. जंगलातल्या मध, डिंक, तेंदूपान, फळे अशा वस्तूंना 'गौण उत्पन्न' म्हणण्याची चाल पडली, आणि त्यांचा हंगामी लिलाव करून ठेकेदाराला देण्याची पद्धत निघाली. गौण हा शब्द दप्तरातला आहे. ज्या घरात दसरा-दिवाळीचा पैसा या टोपलीतूनच येतो त्या घरात ते गौण कसे? २००६ साली वनहक्काचा कायदा झाला, त्यात बांबूपासून मधापर्यंत सारे गौण वनोपज वेचण्याचा आणि विकण्याचा मालकी हक्क वनात राहणाऱ्यांना दिला गेला. गावाने आपल्या रानाचा सामूहिक दावा मंजूर करून घेतला तर अमुक दिवसाआधी कोणी सीताफळ तोडायचे नाही असा नियम ग्रामसभा करू शकते. म्हणजे मघाच्या त्या तरुण बाईच्या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे. अभयारण्याच्या हद्दीत याला अडचणी अधिक येतात, हेही खरे.

मधल्या काळात सीताफळ मात्र रानातून उठून शेतात गेले. महाराष्ट्र सरकारने १९९० पासून रोजगार हमीतून फळबागा लावायला मदत दिली, तेव्हा कोरडवाहू जमिनीत पुष्कळांनी सीताफळ लावले. शेळी खात नाही, पाणी फार मागत नाही. तेलंगणातल्या बालानगरची जात पसरली. बार्शी तालुक्यातील गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी वर्षानुवर्षे निवड करून 'एन. एम. के. - १ गोल्डन' ही जात काढली. ही मोठी, गराने भरलेली आणि कमी बियांची. झाडाला जास्त टिकते, तोडल्यावरही जास्त टिकते. पुण्याजवळ पुरंदर तालुक्यात सीताफळाची मोठी उलाढाल होते. बीडच्या डोंगराळ भागातल्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनाचा शिक्का मिळाला. गर काढणारी यंत्रे आली, आइस्क्रीमचे कारखाने आले. हे सारे चांगलेच झाले. पण आता नांदुऱ्याच्या बाजारात घाटातल्या टोपलीला दोन शेजारी झाले, एका बाजूला हिमाचलचे खोके आणि दुसऱ्या बाजूला बागेतल्या सीताफळाचे कॅरेट. बागेचे फळ दिसायला थोराड, एकसारखे. रानातले लहान, वेडेवाकडे, बियांनी भरलेले. चवीचे म्हणाल तर रानातल्या, डोळे उघडून तोडलेल्या फळाला जी खडीसाखरेसारखी रवाळ गोडी आहे ती मला बागेच्या फळात सापडली नाही. पण हे जिभेचे बोलणे आहे, कोर्टात टिकणार नाही.

विलायतेत २१ ऑक्टोबर १९९० रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डन या जुन्या बाजारपेठेत सफरचंदाचा एक दिवस साजरा झाला. शेकडो वर्षांच्या बागा तोडल्या जात होत्या आणि दुकानांतून चार-दोनच जाती उरल्या होत्या. गावोगावच्या वेगळ्या चवी मरू नयेत म्हणून काही मंडळींनी ही टूम काढली. आता तिकडे शरदात गावोगाव सफरचंदाचे मेळे भरतात. लोक तबकांत मांडलेल्या जाती पाहतात, चाखतात, रस काढतात, आपल्या परसातल्या झाडाचे नाव काय म्हणून फळ घेऊन येतात. आपल्याकडेही पणन मंडळाचे आंबा महोत्सव होतात, आणि २०१६ साली राज्य सरकारने संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडी बाजारांची मोहीम सुरू केली, की शेतकऱ्याने थेट गिऱ्हाइकाला विकावे. त्याच वर्षी फळे-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायला मोकळीकही मिळाली. सावता माळ्याचे नाव ठेवले हे फार योग्य झाले. मळ्यातच ज्याला विठ्ठल दिसला त्याच्या नावाने बाजार भरावा यासारखे दुसरे काय?

नांदुऱ्याला असा सीताफळाचा मेळा भरत नाही. भरवायचा तर फार काही लागणार नाही. दसरा ते दिवाळी या तीन आठवड्यांच्या बाजारांपुरती घाटातल्या बायांना एक ठरावीक जागा, वर पत्र्याची किंवा हिरव्या जाळीची सावली, पाण्याची एक टाकी, आणि कच्चे व डोळे उघडलेले अशा दोन निरनिराळ्या ओळी. ओळी निराळ्या झाल्या की भाव आपोआप निराळे होतील. म्हातारीच्या नजरेला मोल येईल, आणि तरुण बाई पुढच्या वर्षी दोन दिवस थांबायला शिकेल, निदान तिला थांबण्याचे कारण तरी मिळेल. नगरपालिका बैठ्या विक्रेत्यांकडून बाजाराची पावती फाडतेच. त्या पावतीच्या बदल्यात सावली मागणे जास्त नव्हे.

घरी आणलेल्या सीताफळाचे पुढे काय करावे हे गृहिणींना मी सांगू नये, पण एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. सीताफळाची बासुंदी करताना गर उकळत्या दुधात घालू नये. आच लागली की त्याचा वास जातो आणि वर कडवटपणा येतो. दूध आटवावे, साखर घालावी, पुरते गार करावे, आणि मग हाताने सोडवलेला गर मिसळावा. गर सोडवताना बी फुटू देऊ नये. सालीच्या आतला करकरीत रवा चमच्याने खरवडून घ्यावा, कारण गोडी तिथेच जास्त असते. मुलांना मात्र बासुंदी देण्यापेक्षा अंगणात बसवून नुसते फळ द्यावे. बिया कोणाच्या किती दूर जातात ही स्पर्धा त्यांना कोणी शिकवावी लागत नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात कुंपणाशी दोन-चार रोपे उगवलेली दिसतात.

दिवाळी सरली की टोपल्यांत लहान लहान, दगडासारखी फळे दिसू लागतात. ती हंगामाची शेवटची. मार्गशीर्षात त्या ओळीत सीताफळ नसते. त्याच बाया त्याच पोत्यांवर बोरे घेऊन बसलेल्या असतात, आणि बोरे मात्र मापाने विकतात.